माफी झाली, उधारी राहिली

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त ख्रिस्ती पाळकाची उत्तरं)

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: देवाने क्षमा केली म्हणता, मग पुढचं भोगणं का संपत नाही? म्हणून चारही एकत्र घेतली. पत्रं थोडी कापली आहेत, गावांची नावं गाळली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, त्याला इलाज नव्हता.

पत्र पहिलं

*पाळकसाहेब, सलाम. मी ५४ वर्षांचा, साखर कारखान्यात नोकरीला. आमच्या मंडळीतल्या (चर्चमधल्या) बारा बायकांची वर्षाची भिशी होती, महिना साडेबाराशे रुपये. नाताळाआधी वाटप. हिशेब माझ्याकडे, कारण मी पंच कमिटीत खजिनदार. मला मोबाइलवर रमी खेळायचा नाद लागला. आधी पगार गेला, मग भिशी गेली. डिसेंबरात बायका पैसे मागायला आल्या तेव्हा १,८०,००० पैकी काहीच शिल्लक नव्हतं. मंडळीची अब्रू जाऊ नये म्हणून पोलिसात कोणी गेलं नाही. नंतरच्या उपवास-प्रार्थनेत मी सगळ्यांसमोर उभं राहून रडून पाप कबूल केलं. प्रभूने मला क्षमा केली याची मला खात्री आहे. रमी सुटली ती सुटलीच. पण दोन वर्षं झाली, दानाची थैली फिरवायलासुद्धा मला कोणी बोलवत नाही. बायको एटीएम कार्ड स्वतःजवळ ठेवते. मुलीचं जमत आलेलं लग्न या बोभाट्याने मोडलं, ती माझ्याशी बोलत नाही. पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके देवाने आपले अपराध दूर केले, असं वचन आहे. मग देव जे विसरला ते माणसं का विसरत नाहीत? ही शिक्षा किती दिवस?*

सलाम, भाऊ. तुमचं पत्र वाचून झाल्यावर मी ते घरी बायकोला दिलं. तिने वाचून चष्मा काढला आणि एवढंच विचारलं, "पैसे परत दिले का यांनी?" मी पत्र पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिलं. रडल्याचं आहे, रमी सोडल्याचं आहे, थैलीचं आहे, कार्डाचं आहे. त्या एक लाख ऐंशी हजारांचं पुढे काय झालं, त्याबद्दल अक्षर नाही.

दिले असतील आणि लिहायचं राहून गेलं असेल, तर पुढचं वाचून खुशाल हसा माझ्यावर. दिले नसतील असं धरून लिहितो.

आधी तुमच्या खात्रीबद्दल. ती बरोबर आहे. १०३ व्या स्तोत्रातलं ते वचन तुमच्यासाठीही लिहिलं आहे, आणि "आधी पैसे फेड, मग देव बघेल" असं कोणी सांगू लागलं तर ऐकू नका. श्रीमंत जकातदार जक्कयाच्या गोष्टीतला क्रम बघा (लूक १९). जक्कय ज्या उंबराच्या झाडावर चढून बसला होता त्याखाली येशू थांबला आणि म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. पैशाचा विषय त्याने काढलाच नाही. बाहेर लोक कुरकुरत होते, पापी माणसाच्या घरी पाहुणा गेला म्हणून. जक्कय उभा राहिला आणि आपण होऊन बोलला: माझी अर्धी मालमत्ता गोरगरिबांना, आणि कोणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत.

चौपट हा दर चोराचा होता. ज्याने मेंढरू चोरून कापलं किंवा विकलं, त्याने एकाच्या जागी चार द्यायची, असं निर्गम २२ मध्ये आहे. आपलं आपण कबूल करणाऱ्याला सवलत होती: मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा (लेवीय ६). जक्कय कबूल करणाऱ्यांतला होता, तरी चोराचा दर त्याने स्वतःला लावून घेतला.

कारखान्याच्या पगारात जक्कयाचा दर तुम्हाला झेपायचा नाही. लेवीयाचा लावू. बारा बायका, प्रत्येकीचे पंधरा हजार. पाचवा हिस्सा तीन हजार. म्हणजे प्रत्येकीला अठरा हजार, एकूण २,१६,०००. महिन्याला चार हजार बाजूला काढले तर ५४ महिने, साडेचार वर्षं. शंभर पानी वही आणा, एकेका बाईच्या नावाने एकेक पान घाला, आणि पैसे देताना तिची सही किंवा अंगठा घ्या. बारा जणींना दरमहा सव्वातीनशे-साडेतीनशे वाटत बसू नका, त्यात कोणाचंच काही होत नाही. एकीचे पूर्ण करा, मग दुसरीचे. सुरुवात कोणापासून करायची ते मी सांगायला नको. त्या बारांत विधवा कोण, रोजाने खुरपायला जाते कोण, हे तुम्हाला माहीत आहे. मध्यंतरी कोणी वारली असेल तर तिच्या मुलांना द्या. गणना ५ मध्ये तीही सोय आहे, माणूस गेला म्हणून देणं बुडत नाही. एखादी म्हणेल, "राहू द्या भाऊ, प्रभूने मला भरून दिलं." तरी द्या. तिने ते उद्या दानात टाकले तर तो तिचा प्रश्न.

उपवास-प्रार्थनेतल्या अश्रूंना मी हसत नाही. १९०५ साली केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती झाली तेव्हा पंडिता रमाबाईंच्या आश्रमातल्या मुली तासन्‌तास रडून आपली पापं कबूल करत होत्या. ती आठवण आपल्या मराठी मंडळ्यांनी अजून जपली आहे. पण भिशीतल्या बाईने त्या डिसेंबरात नातवाला नवे कपडे कशातून घेतले, उसने कोणाकडून काढले, याचं उत्तर आपल्या रडण्यात नसतं.

आता तुमचा खरा प्रश्न. क्षमेनंतरही परिणाम उरतात हे बायबल कुठेच लपवत नाही. मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या इस्राएली लोकांनी कनान देशाच्या वेशीवर, कादेशाला, बंड केलं, मिसर देशी परत जाऊ म्हणाले. मोशेने रदबदली केली आणि परमेश्वर म्हणाला, तुझ्या म्हणण्याप्रमाणे मी क्षमा केली आहे. लगेच पुढे म्हणाला, पण यांच्यातला एकही तो देश पाहणार नाही (गणना १४). नंतरची सगळी वर्षं रानात खायला आकाशातून मान्ना पडत राहिला, वाट दाखवणारा मेघस्तंभ सोबत राहिला. देव त्यांना सोडून गेला नाही आणि ते कनानात पोचलेही नाहीत. ९९ व्या स्तोत्रात हे दोन्ही एकाच ओळीत येतं: तू त्यांना क्षमा करणारा देव होतास, तरी त्यांच्या कृत्यांचं शासन तू केलंस.

दावीदाचं तर तुम्हाला तोंडपाठ असेल. राजा असताना त्याने उरीयाची बायको बथशेबा हिला घेतलं आणि उरीयाला लढाईत मारवलं. नाथान संदेष्ट्याने त्याला श्रीमंताने बळकावलेल्या गरिबाच्या कोकराची गोष्ट सांगितली, दावीद भडकला आणि म्हणाला, त्या माणसाने चौपट भरून द्यावं. "तो माणूस तूच," नाथान म्हणाला. मग दावीदाची कबुली, आणि त्याच वचनात नाथानाचं उत्तर: परमेश्वराने तुझं पाप दूर केलं आहे, तू मरणार नाहीस (२ शमुवेल १२). क्षमा मिळायला एक वाक्यही पुरतं लागलं नाही. परिणाम मात्र पुढे कितीतरी अध्याय चालू आहेत. ज्यू परंपरेत दावीदाच्या त्या "चौपट"चा हिशेब मांडतात तो असा: बथशेबेपासून झालेलं बाळ दगावलं, मुलगी तामार हिच्यावर सावत्र भावाने अत्याचार केला, तो भाऊ अम्नोन मारला गेला, आणि त्याला मारवणारा अबशालोमही मारला गेला.

हा हिशेब नीट बघा, भाऊ. यात भरणारे कोण आहेत? बाळाने काय केलं होतं? तामारेने काय केलं होतं? दावीद स्वतः म्हातारा होऊन अंथरुणावर गेला. हा भाग माझ्या घशाखाली आजही उतरत नाही. एवढ्या वर्षांत त्यावर व्याख्यानं खूप ऐकली, स्वतःही दिली, पण बाळाच्या बाजूने समाधान होईल असं उत्तर मला मिळालेलं नाही. एवढं मात्र दिसतं, की पाप करणारा एक असतो आणि बिल भलत्याच्याच दारात जातं. तुमच्या बाबतीत ते बारा दारांत गेलं, आणि तेरावं तुमच्याच घरात, मुलीच्या नावाने.

आणखी एक धागा आहे, तो फार कमी जण पकडतात. मुलगा अबशालोम दावीदाविरुद्ध उठला, त्या बंडात दावीदाचा सल्लागार अहिथोफेल फितूर झाला. का झाला, ते कुठे लिहिलेलं नाही. पण बथशेबा ही एलियामाची मुलगी (अध्याय ११), आणि दावीदाच्या वीरांच्या यादीत अहिथोफेलाचा मुलगा एलियाम आहे (अध्याय २३). दोन्ही एलियाम एकच असतील तर अहिथोफेल बथशेबेचा आजा झाला. नातीच्या घराचं जे वाटोळं झालं ते म्हातारा विसरला नसेल. त्याच यादीत अगदी शेवटचं नाव कोणाचं? उरीया हित्ती. आणि नव्या कराराचं पहिलं पान उघडा, मत्तयाने वंशावळीत बथशेबेचं नाव न लिहिता तिला उरीयाची बायको म्हटलं आहे. दावीदाची क्षमा पक्की होती, येशू त्याच्याच कुळात जन्मला. तरी उरीयाचं नाव कोणी खोडलं नाही. देव पाप आठवत नाही याचा अर्थ ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाही देव विसरला, असा कोणी लावू नये.

त्या बंडात दावीद अनवाणी पळत असताना शिमी नावाचा एक माणूस त्याला दगड मारत होता, शिव्याशाप देत होता. दावीदाचा सरदार अबीशय म्हणाला, हुकूम द्या, याचं मुंडकं उडवतो. दावीद म्हणाला, देऊ दे त्याला शिव्या (२ शमुवेल १६). क्षमा मिळालेला माणूस असा वागू शकतो, हे मला त्या प्रसंगात फार आवडतं. त्याला शिमीचं तोंड बंद करावं लागलं नाही.

थैली, कार्ड आणि मुलगी, तिन्ही तुम्ही एकाच दावणीला बांधली आहेत. ती सोडवू.

थैली फिरवणं हा मान नव्हे, ते काम आहे, आणि ते काम तुम्हाला न देण्यात शहाणपण आहे. तुमच्यासाठीसुद्धा. सतरंज्या अंथरा, कबरस्तानातलं गवत काढा, आजाऱ्याला दवाखान्यात न्या. पैशाला हात न लावता करायची कामं मंडळीत पडून असतात, करायला माणूस मिळत नाही.

कार्ड बायकोकडेच राहू द्या. दोन वर्षांपूर्वी ती माहेरी निघून गेली असती तर कोणी तिला बोल लावला नसता. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, पण कायद्याने हाताची खाज जात नाही. तलफ आली तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. तिथे जाण्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

मुलीचं लग्न साडेचार वर्षांच्या हप्त्यांत परत येणार नाही. तिच्याकडे एकदा जा, एकटे जा, आणि जे केलं ते सरळ शब्दांत सांगून माफी मागा. वचनं म्हणू नका. "प्रभूने मला माफ केलंय" हे तर तिच्यासमोर उच्चारूही नका, तिला ते "आता तूही कर" असंच ऐकू येईल. मामा-काकांना मध्यस्थीला पाठवू नका. मग वाट बघा. ती बोलेल की नाही ते मला सांगता येणार नाही.

तुमच्या पंच कमिटीलाही दोन शब्द, कारण हे पान ते वाचतात. बारा बायकांचे पैसे एका माणसाच्या खिशात, पासबुक नाही, दुसरी सही नाही, वर्षभर कोणी हिशेब बघितला नाही. हे काय चाललं होतं? आणि अब्रूसाठी पोलिसात गेलो नाही म्हणता, तेव्हा ज्यांचे पैसे गेले त्या बायकांना कोणी विचारलं होतं का? या माणसाला पैशापासून लांब ठेवलंत ते ठीक. पण पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहत असेल तर ते ठीक नाही. करिंथच्या मंडळीत असाच एक शिक्षा झालेला माणूस होता. प्रेषित पौलाने लिहिलं, आता पुरे, त्याला क्षमा करा आणि धीर द्या, नाहीतर तो दुःखात बुडून जाईल (२ करिंथ २).

शिवाय पौलाने फिलेमोनाला लिहिलेली छोटी चिठ्ठी काढून वाचा. पळून गेलेला दास अनेसिम मालकाकडे, म्हणजे फिलेमोनाकडे, परत चाललाय, आणि पौल लिहितो, त्याच्याकडे तुझं काही येणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी पौल स्वतःच्या हाताने लिहितोय, मी फेडीन. देणं सोडून दे, असं पौल म्हणाला नाही. मंडळीच्या फंडातून त्या बारांपैकी सर्वांत गरीब दोघींचे पैसे उद्याच देता येतील, आणि भाऊंनी ते हप्त्याने मंडळीला फेडावेत. करा की.

पत्र दुसरं

*आम्ही वसईकडचे कॅथलिक. पापस्वीकार झाला की फादर प्रायश्चित्त देतात. माझी जाऊ प्रोटेस्टंट घरातून आलेली. ती म्हणते, येशूने क्रुसावर सगळं फेडलं, मग तुम्ही परत काय फेडता? तुम्हीही प्रोटेस्टंट, तुम्हीही हसाल.*

हसणार नाही, ताई. तुमच्या चर्चची शिकवण अशी, की क्षमेने पापाचा दोष आणि त्याची सार्वकालिक शिक्षा जाते, पण पापाने जी मोडतोड झाली ती दुरुस्त व्हायची आणि तेवढ्यापुरती काही शिक्षा भोगायची राहते. ट्रेंटच्या धर्मसभेने (१५४५ ते १५६३) हे ठासून मांडलं. या उरलेल्या शिक्षेतून सूट मिळवून देण्याचा बाजार जर्मनीत मांडला गेला, त्यावर मार्टिन ल्यूथर १५१७ मध्ये उठला, आणि त्याचं उठणं मला योग्यच वाटतं. शुद्धिस्थान (मेल्यावर ती उरलेली शिक्षा भोगायची जागा) आणि ती सूट आम्ही मानत नाही, हे तुमच्यापासून लपवून काय करू?

पण तुमच्याच चर्चच्या धर्मशिक्षणात असंही लिहिलंय, की चोरलेलं परत करा, ज्याची बदनामी केली त्याचं नाव पुन्हा साफ करा, इजा केली असेल तर भरपाई द्या, आणि हे तर साध्या न्यायाचंच मागणं आहे. ही ओळ मी आमच्या मंडळ्यांत वाचून दाखवावी म्हणतो. आमच्याकडे रडून हात वर केले की मामला मिटला असं बऱ्याच जणांना वाटतं. प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना म्हणायला सांगितल्या तर जरूर म्हणा. पण समजा एखाद्या शेजारणीची बदनामी केली असेल, तर तिच्या घरी जाऊन येणं मात्र त्यात आपोआप होत नाही. जावेला हे पान वाचायला द्या, पहिल्या पत्रासकट.

पत्र तिसरं

*माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. लग्नाआधी माझ्या हातून एक पाप घडलं होतं, नवऱ्यालाही ते माहीत नाही. एका सभेत प्रार्थना करणाऱ्यांनी सांगितलं, हा त्या पापाचा शाप मुलावर आलाय. तो तोडण्यासाठी एकवीस दिवसांचा उपास करा आणि बीज म्हणून दान द्या. रक्कम मोठी आहे. काय करू?*

दान देऊ नका.

बाई, पापाचे परिणाम असतात असं वर एवढं लिहिलं, म्हणून इथे जास्त स्पष्ट सांगायला हवं. बाप दारू पितो आणि मूल उपाशी झोपतं, तिथे दारूपासून भुकेपर्यंतची साखळी कोणालाही दिसते. तुमच्या जुन्या गोष्टीपासून मुलाच्या कानापर्यंत अशी कुठलीच साखळी नाही, ती त्या सभेत कोणीतरी जोडली. शिष्यांनी हेच विचारलं होतं: हा जन्मापासून आंधळा, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही आणि याच्या आईबापांचंही नाही (योहान ९). इतकं सरळ उत्तर त्याने फार थोड्या प्रश्नांना दिलंय. बापाच्या पापाची शिक्षा तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत, हे वचन ते लोक दाखवतील, तर त्यांना यहेज्केलाचा अठरावा अध्याय उघडून द्या. बापांनी आंबट द्राक्षं खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण इस्राएलात पुन्हा कोणी वापरायची नाही, असं तिथे परमेश्वर शपथेवर सांगतो.

जन्मतः बहिरेपणाची कारणं डॉक्टर सांगतील. कधी ती जनुकांत असतात, कधी गरोदरपणातल्या रुबेलासारख्या संसर्गात, कधी मूल दिवस भरण्याआधी जन्मल्यामुळे किंवा नवजात बाळाला जोराची कावीळ झाल्यामुळे. मुलाचं वय तुम्ही लिहिलं नाही. लहान असेल तर एक दिवसही घालवू नका, कारण भाषा शिकायची वर्षं भराभर निघून जातात. मुंबईला वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे कानाची तपासणी होते. लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी सरकारी योजना आहे, तिची चौकशी तिथेच करा. बीज म्हणून मागितलेली रक्कम जाण्यायेण्याला वापरा.

नवऱ्याला सांगायचं की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा मुलाच्या कानाशी संबंध नाही, म्हणून घाबरून काही ठरवू नका. आधी एखाद्या भरवशाच्या वडीलधाऱ्या बाईशी बोला. प्रभूने तुम्हाला क्षमा केली आहे.

पत्र चौथं

*नवरा मला आठ वर्षं मारत होता. मी दोन मुलांना घेऊन माहेरी आले. आता तो प्रभूत आलाय, दारू सोडलीय, सभांतून साक्ष देतो. साक्षीत माझं नाव घेऊन सांगतो की बायकोने अजून मला क्षमा केली नाही. आमचे पाळक म्हणतात, खरी क्षमा केली असशील तर परत नांदायला जा, नाहीतर तुझी क्षमा खोटी.*

ताई, परत जायची सक्ती तुमच्यावर कोणी करू शकत नाही. देव नाही, पाळकही नाहीत.

ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुलं, फिलिप आणि टिमथी, यांना गाडीत झोपलेले असताना जाळून मारलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर सांगितलं, आणि त्या बारिपद्याच्या कुष्ठरोग्यांमध्ये काम करत राहिल्या. खटला चालूच राहिला. मुख्य आरोपी दारा सिंगला आधी फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने तिची जन्मठेप केली, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. क्षमा आणि गुन्ह्याची शिक्षा यांची सरमिसळ करू नये, असंच ग्लॅडिसबाई म्हणत आल्या. त्या मारेकऱ्याला सोडवायला गेल्या नाहीत म्हणून त्यांची क्षमा खोटी होती, असं म्हणायची तुमच्या पाळकांची छाती आहे का, विचारा.

तुमचा नवरा खरोखर बदलला असेल तर मला आनंदच आहे. मग त्याने आधी तुमचं नाव साक्षीतून काढावं. तुमच्या अंगावरचे वळ ही त्याच्या साक्षीची सामग्री नव्हे. मुलांच्या शाळेचा खर्च दर महिन्याला न मागता पाठवावा. स्वतः मारत होतो, हे तुमच्या आईवडिलांपुढे आणि पंचांपुढे कबूल करावं, "आमच्यात वाद होते" असं गुळमुळीत न बोलता. हे त्याने वर्षानुवर्षं केलं आणि त्यानंतरही तुम्हाला जावंसं वाटलं नाही, तरी तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. त्याने मारलं त्याचा हा परिणाम आहे, आणि तो त्याने सोसायचा आहे. त्याच्यासाठी प्रार्थना करता आली तर करा. ती माहेरूनही होते.

त्याने पुन्हा हात उगारला किंवा दारात येऊन तमाशा केला, तर २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा तुमच्यासाठी आहे. तालुक्याला संरक्षण अधिकारी असतात, आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. तक्रार करताना मंडळीची परवानगी लागत नाही.

हे उत्तर तुमच्या पाळकसाहेबांना दाखवायचं असेल तर दाखवा. त्यांना काही म्हणायचं असेल तर त्यांनी मला लिहावं, तुम्हाला नको.